काळी-पांढरीचं तिसरं कडवं

नांदेड,
१२ जानेवारी २०२४

दामे,

शरणार्थ, तुमच्या घरच्या नमस्काराच्या रीतीनं. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकलं नसशील तर पुढे वाच.

तू माझ्याशी शेवटचं जे बोललीस ते माझ्या ध्यानात आहे. "यापुढे काही सांगायचं असेल तर लिहून सांग. तुझ्या तोंडचं मी ऐकणार नाही." बावीस वर्षं मला लिहायला काही सुचलं नाही. आता सुचलंय.

आपली जुनी कॅसेट कुणीतरी इंटरनेटवर चढवली आहे. माझ्या लेकीनं, वर्षाराणीनं दाखवली. ती पुण्यात असते, रेकॉर्डिंगचंच काम करते. त्या गाण्यांखाली लोकांनी काय काय लिहून ठेवलंय! एकजण विचारतो, या दोघी बाया जिवंत आहेत का? दुसरा विचारतो, काळी-पांढरी म्हणजे पेटीच्या पट्ट्या का? त्याला देगलूरच्या कुणीतरी झापलंय, "शेताला काळी म्हणतात आन् गावाला पांढरी, एवढं बी ठाऊक न्हाई व्हय?" मी लई हसले. नायगावच्या पाटलाची पोर गळ्यात हलगी अडकवून आणि लातूरच्या भुसार बाजारातली सिद्रामप्पांची पोर गिटार घेऊन कॉलेजच्या गॅदरिंगला उभी राहिली, तेव्हा तूच हे नाव ठेवलं होतंस. मी काळीतली, तू पांढरीतली.

एक गाणं करू. एकच, पण नवं. आपल्या रीतीनं. एक कडवं माझं, एक तुझं, आणि दुसरीनं काय लिहावं हे पहिलीनं सांगायचं नाही. वर्षा रेकॉर्डिंग बघेल.

फोन करू नकोस. फोनवर आपण भांडू. पत्रातच बरं.

बसम्माकाकू कशा आहेत?

तनुजा


लातूर,
२१ जानेवारी २०२४

तनुजा,

पत्र मिळालं. फाडलं नाही. रागाने कागद फाडायचं वय गेलं.

मी गेल्या वर्षी कॉलेजातून निवृत्त झाले. घरात मी आणि आई. तिला ऐकू फार कमी येतं, पण पाकीट कुणाचं ते तिने ओळखलं. "तनू काय म्हणते?" मी ओरडून सांगितलं, गाणं करू म्हणते. आई म्हणाली, "मग बसलीस कशाला?" तिला मागचं काही आठवत नाही, म्हणून तिला क्षमा सोपी आहे. मला आठवतं.

तुझ्याही आठवणीत राहावं म्हणून एकदा लिहिते. अप्पा गेल्याचं तुला सकाळीच कळवलं होतं. त्यांना समाधी देऊन आम्ही घरी आलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. लहान मुलं रडत होती म्हणून कुणीतरी टीव्ही लावला आणि त्यावर मुंबईच्या कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण चालू होतं. पडद्यावर नाव काळी-पांढरी. तू हलगी घेऊन उभी, आणि तुझ्या शेजारी गिटार घेऊन एक मुलगी, जी कोण होती हे मला आजही माहीत नाही. माझ्या ओळी ती गात होती. गौरम्मा आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं दामिनी, तू हितं, मग तिथं कोन हाय?"

कार्यक्रम पुढे ढकला, एवढं तू त्यांना म्हणू शकली असतीस. म्हटलं नाहीस.

गिटार अजून आहे. तारा दरवर्षी बदलते. गाण्याबद्दल माझी एकच अट. तुझं कडवं तुझ्या तोंडून, माझं माझ्या तोंडून. कुणाच्या जागी कुणी उभं राहणार नाही. हे मान्य असेल तर पहिलं कडवं पाठव. नसेल तर उत्तराची गरज नाही.

दामिनी


नांदेड,
४ फेब्रुवारी २०२४

दामे,

तुझी अट वाचली. तीन दिवस पत्र देवळीत ठेवलं होतं. मग म्हटलं, हिचं काही चुकत नाही. अट मान्य.

मुंबईचं माझं चुकलं. तेव्हा वाटलं होतं की हा दरवाजा एकदाच उघडतो. उघडला, मी आत गेले, आणि आत कुणीच नव्हतं. त्यानंतर मला एकही बोलावणं आलं नाही. तू नसताना मी म्हणजे नुसती हलगी वाजवणारी बाई, हे त्यांना कळलं. मला त्यांच्याआधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

असो. हे घे.

बांधाच्या पल्याड
कुणाचं पाऊल वाजं
इतक्या वर्सांनी गं
दार उघडं माझं

चाल तुला माहीत आहे. आपण देगलूरच्या यष्टीत बसून बांधली होती आणि कुठल्याच गाण्याला वापरली नव्हती ती. कंडक्टर म्हणाला होता, "बायांनो, डबल बेल मी मारू का तुम्ही मारताय?"

आता तू.

तनुजा


लातूर,
१५ फेब्रुवारी २०२४

तनुजा,

चाल आठवली. हाताला आधी आठवली, मग मला. कडवं चांगलं आहे. साधं आहे.

माझं हे.

दार उघडं तुझं
उंबऱ्याशी मी थांबले
हाक मारून बघ गं
किती दिस लांबले

यात दुरुस्ती सुचवू नकोस, रीत मोडेल. पण अर्थ सांगते, कारण तू मुद्दाम चुकीचा घेशील. मी आपणहून आत येणार नाही. आधी तू बोलवायचं.

महाशिवरात्र झाली की मी नांदेडला येते. इथे सिद्धेश्वराची जत्रा असते, आईला रथ दाखवून आणला की मी मोकळी. एका खोलीत, समोरासमोर, एका माइकवर गाऊ. आपण कधी मोजून गायलो नाही. तू श्वास घ्यायचीस तो मला ऐकू यायचा आणि मी तिथे तार छेडायचे. तुझ्या श्वासाशिवाय मला माझी ओळ कुठे सुरू करायची ते कळत नाही. हे तुला मोठेपणा देण्यासाठी लिहीत नाही. कामाची गोष्ट आहे म्हणून लिहिते.

दामिनी


नांदेड,
२६ फेब्रुवारी २०२४

दामे,

येऊ नकोस. घरात रंगकाम काढलंय, सगळं सामान अंगणात. माझे गुडघेही धड नाहीत, तुझ्यासमोर लंगडत फिरायची माझी तयारी नाही. हल्ली कुणी समोरासमोर बसून गात नाही, सगळे आपापल्या घरी गातात आणि मशीनवर जोडतात. वर्षाच लातूरला येईल. ती माझी हलगी भरून आणेल, तिच्यावर तू गा. माझा आवाज शेवटी भरू.

तुझं कडवं वाचलं. त्याचं उत्तर सकाळी एका दमात आलं.

हाक माझी गं बाई
वाऱ्यानं नेली पार
तूच बोल दोघींचं
मी वाजवीन दार

आता बदलायचं नाही. तुझीच रीत.

तनुजा


लातूर,
१८ मार्च २०२४

तनुजा,

तुझ्या तिसऱ्या कडव्याबद्दल आधी लिहिते. आपण इतकी वर्षं गाणी केली, पण असं कडवं तुला आधी सुचलं नव्हतं. "तूच बोल दोघींचं" या ओळीत तू पहिल्यांदा माघार घेतली आहेस. मी ती क्षमायाचना समजते आणि स्वीकारते. हे लिहायला मला सोपं नाही, तेव्हा पुन्हा लिहायला लावू नकोस.

वर्षाराणी आली, दोन दिवस राहिली. मुलगी कामाची आहे. बैठकीच्या खोलीत गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद केला, आणि समोरच्या मिरची कांडपवाल्याकडे स्वतः जाऊन मशीन थांबवायला सांगून आली. तो म्हणाला, "ताई, गाणंच म्हणायचं तर आमच्या मशीनवर म्हणा की, ताल पक्का हाय." तिने त्याला हसवलं आणि मशीनही थांबवलं. मला तीस वर्षांत ते जमलेलं नाही.

कानाला ते डबे लावून गाणं मला आवडलं नाही. नुसती तुझी हलगी ऐकू येत होती, तू नव्हतीस. तीनदा मी चुकीच्या जागी सुरुवात केली. वर्षाराणीने माझ्याकडे पाहिलं आणि हाताने खूण करून मला ओळ दिली. चौथ्यांदा जमलं.

संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली. थापताना गुणगुणत होती. मी विचारलं, "आईचा आवाज आहे का गं पहिल्यासारखा?" तिचा हात थांबला. म्हणाली, "मावशी, तुम्हाला तर माहीत आहे." मला बरं वाटलं. खरंच, तुझा आवाज कसा आहे हे मला कुणी सांगायची काय गरज?

जाताना आईच्या पाया पडली. आईने तिला तनू म्हणूनच हाक मारली.

दामिनी


नांदेड,
९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

दामे,

आज सकाळी गाणं बाहेर आलं. ऐक. एकटी असताना ऐक.

तनुजा


लातूर,
१४ एप्रिल २०२४

तनुजा,

ऐकलं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारचे सगळे आमच्या घरी जमले होते. मोबाइल मोठ्या डब्याला जोडला होता. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी हसत होते. आईच्या कानाशी डबा धरला, तीही हसली. ते सगळे गेल्यावर मी पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यातला आवाज तुझा नाही.

आवाज तुझ्यासारखा आहे. चेहरेपट्टी असते तशी आवाजाचीही असते. पण तू "बाई" या शब्दाआधी कधी श्वास घेतला नाहीस. तू तो गिळायचीस आणि ओळ संपल्यावर घ्यायचीस, म्हणून तुझी प्रत्येक ओळ पडता पडता सावरल्यासारखी वाटायची. इथे "बाई"च्या आधी नीट, शिकवल्यासारखा श्वास आहे. खांद्यापासून घेतलेला. क्लासमध्ये शिकवतात तसा. आधी वाटलं, मशीनने केलं असेल. मग आठवलं. हा आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला आहे, भाकरीच्या थापेबरोबर.

मी तुला फोन केला. नंबर वर्षाराणीने लिहून ठेवला होता. तू उचललास. मी म्हटलं, "तनुजा, कोण गायलं?" तू बोलली नाहीस. मी पुन्हा विचारलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता आणि तो तुझाच होता, तो मी कुठेही ओळखीन. तू माझं नाव ऐकलंस, प्रश्न ऐकलास आणि गप्प उभी राहिलीस. मग फोन ठेवलास.

एवढी हिंमत नव्हती का, की "मी नाही" हे दोन शब्द बोलावेत?

माझी एकच अट होती. तेव्हा तू माझ्या जागी दुसरी बसवलीस. या वेळी स्वतःच्या जागी बसवलीस. मुलीला पुढे आणायचं होतं तर तसं सांगायचं. मी तिच्यासाठी गायले असते. पण मला पुनर्भेट म्हणून बोलावलंस, आणि मी उंबऱ्यावर उभी राहून जिला हाक मार म्हटलं, ती आत नव्हतीच.

दामिनी


पुणे,
१ मे २०२४

आदरणीय दामिनी मावशी,

सा. न.

तुमचं आईला आलेलं पत्र मी नांदेडला गेले तेव्हा वाचलं. आईने स्वतः दिलं. मग मी तिच्याशी भांडले आणि पुण्याला परत आले. तुम्हाला लिहू नकोस असं तिने सांगितलंय, तरी लिहिते.

मावशी, आईला आवाज नाही. मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत हैदराबादला तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गाठ काढली तर नस जाणार, आणि नाही काढली तर आई. ती आता फक्त कुजबुजते, तेही जवळ बसलं तरच कळतं. फोनवर तर काहीच पोचत नाही. तुम्ही फोन केलात तेव्हा ती बोलत होती. तुमचं नाव घेत होती. मी बाजूला उभी होते. तुम्हाला श्वास ऐकू आला, तो श्वास नव्हता.

आता माझं. मला आईने सांगितलं की मावशींना सगळं माहीत आहे, आईच्या जागी मी गावं हे मावशींनीच सुचवलंय. म्हणून मी गायले. तुमच्या घरी तुम्ही विचारलंत की आवाज पहिल्यासारखा आहे का, तेव्हा मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा बघताय, की मी बाहेर कुठे बोलते का. म्हणून म्हटलं, तुम्हाला तर माहीत आहे.

मी तुमच्या घरची भाकरी खाल्ली, आज्जींच्या पाया पडले आणि सगळा वेळ तुमची फसवणूक करत होते, आणि मलाच ते माहीत नव्हतं. मला फार लाज वाटते.

गाणं काढून टाकायचं असेल तर सांगा. मी काढीन. आईला विचारणार नाही.

आपली,
वर्षाराणी


लातूर,
६ मे २०२४

तनुजा,

वर्षाराणीचं पत्र आलं. तिला वेगळं उत्तर दिलं आहे. हे तुला.

तुझ्या गाठीचं ऐकून मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. ते दुःख खरं आहे आणि ते मी बाजूला ठेवते, कारण ते या पत्रात घातलं तर तू त्याच्या आड लपशील.

तुझा आवाज गेला यात तुझा दोष नाही. पण "अट मान्य" हे शब्द तू स्वतःच्या हाताने लिहिलेस तेव्हा तो जाऊन वर्ष होत आलं होतं. मला येऊ नकोस म्हणालीस. रंगकाम म्हणालीस, गुडघे म्हणालीस. पोटच्या मुलीला माझं नाव घेऊन खोटं सांगितलंस. तिला खोट्यात उभं केलंस आणि मला तिच्यासमोर. मी तिला तुझ्या आवाजाबद्दल विचारत होते आणि ती मला सांभाळून घेत होती. माझ्या घरात, माझ्या चुलीपुढे मला माझंच अज्ञान वाढलं जात होतं.

बावीस वर्षांपूर्वी मला वाटलं होतं, तू नावासाठी केलंस. आता वाटतं, तुला समोरचा माणूस खरं सोसू शकेल असं वाटतच नाही. हे त्याहून वाईट आहे.

आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची पत्रिका मला आली आहे. आठ जून, नांदेड. "काळी-पांढरी पुन्हा एकत्र". माझं नाव मला न विचारता छापलं आहे. मी रंगमंचावर येणार नाही. त्या दिवशी लोकांना खरं सांग. नाही सांगितलंस तर माझं कडवं गाण्यातून काढायला मी वर्षाराणीला सांगेन आणि ती काढेल.

दामिनी


नांदेड,
१५ मे २०२४

दामे,

सांगीन. म्हणजे लिहून देईन, वर्षा वाचेल. ती पुण्याहून इथे आलीय, माझ्याशी बोलत नाही, पण वाचीन म्हणाली. सध्या घरात एक बोलू शकत नाही आणि एक बोलत नाही. शेजारीण अमृतरावांची मनिषा विचारते, "काकू, तुमच्या घरात कुनी हाय का न्हाई?"

आता माझंही ऐक. तुझी अट आली तेव्हा मी खरं लिहिलं असतं तर तू काय केलं असतंस? मी सांगते. दुसऱ्या दिवशी यष्टीत बसून आली असतीस. फळं आणली असतीस. माझ्या उशाशी बसून दवाखान्यात बोलतात तसं हळू बोलली असतीस. मला माफ करून टाकलं असतंस, आजारी माणसाला करतात तसं. आणि गायली नसतीस. "दोघी नाहीत तर काळी-पांढरी नाही" म्हणून उठून गेली असतीस. मला भेटायला आलेली दामिनी नको होती. मला गाणारी पायजे होती. ती मिळाली. चार मिनिटं मिळाली.

हलगी मीच वाजवली आहे. तिच्यावर तू गायलीस. तेवढी पुनर्भेट खोटी नाही.

आणि मी सांगितलं नाही असंही नाही. तिसरं कडवं पुन्हा वाच. हाक वाऱ्यानं नेली, तूच बोल दोघींचं, मी वाजवीन. याहून सरळ कसं लिहायचं? तू ते वाचलंस, वा म्हणालीस, आणि क्षमा समजून खिशात घातलंस. तुला तेव्हा कळलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. मी वाट बघत होते की तुला कळेल. तू कॉलेजात शिकवायचीस ना?

आठ तारखेला ये किंवा येऊ नको. मी वाजवणार आहे.

तनुजा


लातूर,
११ जून २०२४

तनुजा,

मी आले होते हे तुला माहीत आहे. मागून चौथी रांग, कडेची खुर्ची. तू पडदा उघडल्या उघडल्या पाहिलंस.

आधी तुझ्या पत्राला उत्तर. कडवं म्हणजे सांगणं नव्हे. कडव्यात माणूस वाटेल ते म्हणतो आणि समोरच्याने त्यातलं खरं कोणतं ते ओळखायचं, असा खेळ गाण्यात चालतो. मी तुझ्याशी खेळत नव्हते. मी तुला सरळ पत्रं लिहीत होते आणि सरळ उत्तरं मागत होते. माझ्या कळण्यावर तू तुझं खरेपण सोपवलंस आणि मला कळलं नाही तर दोष माझा. हे मी घेणार नाही. मी फळं आणली असती हे मात्र बरोबर आहे. आणि त्यानंतर गायले असते की नाही, हे तू ठरवलंस. ते ठरवायची संधी माझी होती. तीच तू घेतलीस.

वर्षाराणीने तुझा कागद चांगला वाचला. आवाज कापला नाही. पण नंतर काय झालं ते पाहिलंस? लोक उभे राहिले. टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारचे एक गृहस्थ रुमाल काढून म्हणाले, "काय मायलेकी आहेत हो!" निवेदकाने तर माइक हातात घेऊन मातृत्वावर भाषण ठोकलं. तू कबुली दिलीस आणि तिचा सत्कार झाला. तुझ्या मुलीने मान खाली घातली होती. त्या सभागृहात मला आणि तिलाच कळत होतं की यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही.

मग तिने पहिलं कडवं म्हटलं. माझ्या कडव्याची जागा आली. निवेदकाने माझ्याकडे बोट दाखवलं, पुढचे लोक वळून बघू लागले, कुणीतरी "चला मॅडम, चला!" म्हणून ओरडलं, माझी जुनी विद्यार्थिनी असावी. तुझी हलगी चालू होती. एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. वर्षाराणी गांगरली आणि माझी ओळ तिनेच उचलायला तोंड उघडलं. तू मान हलवून तिला थांबवलंस. तेवढं मी पाहिलं. तू वाजवत राहिलीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मी उठले नाही. संपूर्ण कडव्याएवढी जागा तू मोकळी वाजवलीस आणि मग तिला तिसऱ्या कडव्याला नेलंस.

तू माझी जागा कुणाला भरू दिली नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यासाठी हे पत्र लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

मी का उठले नाही, तेही सांगते. रागाने नाही. उठले असते तर त्या टाळ्यांमध्ये माझीही भर पडली असती, आणि उद्या लोक म्हणाले असते, बघा, दामिनीबाईंनी सगळं विसरून गाणं म्हटलं. मी विसरले नाही. विसरल्याचं सोंग मला जमणार नाही, तुझ्या आजारासाठीही नाही.

गाणं राहू दे. माझं कडवं राहू दे. त्याखाली तीन नावं घालायला मी वर्षाराणीला सांगितलं आहे: शब्द दोघींचे, गायन दामिनी आणि वर्षाराणी, हलगी तनुजा. काळी-पांढरी हे नाव काढून टाकलं आहे. ते मी ठेवलं होतं, मीच मोडलं. त्या नावाने यापुढे काही छापून आलं तर मी विरोध करीन.

तुझ्या मुलीचा माझ्याकडे काही अपराध नाही. तिला श्रावणात लातूरला पाठव, हवं तर महिनाभर. तिचा गळा चांगला आहे आणि श्वास वाईट आहे. तू तो कसा घ्यायचीस ते तुला आता दाखवता येणार नाही, मला येईल. मी ते इतकं जवळून ऐकलं आहे की आजही ओळ आणि जागा सांगू शकते. ते माझ्याबरोबर संपू नये एवढंच.

तू सोबत येऊ नकोस. कधी यायचं ते मी कळवीन. कळवलं नाही तर विचारू नकोस.

दामिनी